वॉरंटी जाईल हं!

नवी मोटारसायकल घेतली की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, "वॉरंटी संपेपर्यंत शोरूमशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस." दुसरा म्हणतो, "वॉरंटी-बिरंटी सब झूट, पहिल्या दिवसापासून आपल्या गॅरेजवाल्याकडे टाक." हिंजवडीत आमच्या कंपनीसमोरच्या टपरीवर हे दोघेही रोज साडेचारला हजर असतात. मला पूर्णपणे दोघांचंही पटत नाही, पण आजचा राग पहिल्यावर आहे. दुसरा निदान स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. पहिला मात्र कंपनीची धमकी फुकटात आणि कंपनीपेक्षा मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकवत फिरतो.

धमकी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वॉरंटी म्हणजे मुळात काय? "गाडी बनवताना आमचं काही चुकलं असेल तर आम्ही ते आमच्या खर्चाने नीट करून देऊ" असा कंपनीने दिलेला शब्द. म्हणजे ओझं त्यांच्या डोक्यावर आहे, आपल्या नाही. पण शोरूममध्ये जाऊन बघा, 'वॉरंटी' या शब्दापुढे एकच क्रियापद लागतं: जाईल. बाहेरून चेनला स्प्रे मारला? वॉरंटी जाईल. एअर फिल्टर स्वतः उघडून पाहिला? जाईल. दुसऱ्या कंपनीचं ऑइल टाकलं? अहो सर, नक्की जाईल! गाडीत बिघाड आल्यावर ती 'येईल' असं कुणी म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही.

आता जरा ती पुस्तिका काढा. हो, तीच, जी डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर मिळाली होती आणि आरसीच्या झेरॉक्सखाली पडली आहे. आपण आयटीवाले 'आय ॲग्री' वर न वाचता क्लिक करण्यात जगात पहिले, त्यामुळे शेवटची चार पानं कुणी वाचलेली नसतात. त्यात वॉरंटीत काय येत नाही याची यादी असते. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, स्पार्क प्लग, फिल्टर, बल्ब, केबल, रबराचे भाग, ऑइल. गाडीगणिक थोडा फरक असेल, पण झिजणाऱ्या वस्तू बहुतेक सगळ्याच कंपन्या बाहेर ठेवतात. ते मला मान्य आहे. ब्रेक पॅड झिजणं हा काही बनवण्यातला दोष नव्हे.

पण मग घरी पार्किंगमध्ये बसून माणूस नेमकं काय करतो हो? चेन साफ करतो, तिला तेल देतो, ताण बघतो. एअर फिल्टर झटकतो किंवा नवा घालतो. ब्रेक पॅड किती उरलेत ते पाहतो. फार तर प्लग बदलतो. इंजिन फोडून पिस्टन कुणी काढत नाही. म्हणजे ज्या भागांना आपण हात लावतो ते बहुतेक वॉरंटीत नाहीतच, आणि जे वॉरंटीत आहेत (इंजिनचे आतले भाग, इसीयू, वायरिंग, सेन्सर) त्यांच्या जवळपासही आपण जात नाही. तरी सगळी गाडी हात न लावण्याची मूर्ती करून ठेवलेली आहे. सर्व्हर तुमचा, पैसे तुम्ही भरलेत, पण रूट पासवर्ड व्हेंडरकडे, आणि लॉग बघितलात तरी सपोर्ट बंद!

दुसरी बाजू अशी मांडली जाते की शोरूममधले लोक ट्रेनिंग घेतलेले असतात आणि आपण हौशे. ठीक. माझ्या गाडीचं दुसरं सर्व्हिसिंग पुण्यातल्या एका अधिकृत शोरूममध्ये झालं (नाव घेत नाही, उगाच बाकीच्यांना वाटायचं की फक्त तेच तसे). सकाळी आठला रांगेत गाडी लावली, संध्याकाळी सहाला मिळाली. बिलावर चेन साफ करणे, वंगण, ताण जुळवणे अशी व्यवस्थित ओळ होती, समोर रक्कम होती. दुसऱ्या दिवशी मित्राला मागे बसवून ताम्हिणीला जायचं होतं म्हणून रात्री सहज चेन हाताने वर-खाली केली, तर ती हलेना. तंबोऱ्याची तार असते तशी. पुस्तिकेत माझ्या गाडीसाठी २५ ते ३५ मिलिमीटर ढील लिहिली आहे. पट्टी लावून मोजलं तर १० सुद्धा नव्हती. वर स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंना ज्या खुणा असतात त्या डावीकडे एका रेघेवर आणि उजवीकडे दीड रेघ पुढे. म्हणजे मागचं चाक तिरकं बसवून वर चेन आवळलेली.

ज्यांना यात काय एवढं असं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. मागे माणूस बसला किंवा चाक खड्ड्यातून गेलं की सस्पेन्शन दबतं आणि त्याबरोबर चेन आणखी ताणली जाते. त्यासाठीच ढील ठेवायची असते. ती नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. चेन तुटायचीही शक्यता असते, आणि ती तुटून इंजिनच्या केसिंगवर आदळली किंवा मागचं चाक जाम झालं तर घाटातल्या वळणावर काय होईल ते मी लिहीत नाही. आई हा ब्लॉग वाचते.

मी काय केलं? मागचा ॲक्सलचा नट सैल केला, दोन्ही खुणा जुळवल्या, ३० मिलिमीटर ढील ठेवली, चाक फिरवून तीन-चार ठिकाणी परत मोजलं आणि टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला नट आवळला. वीस मिनिटं. रेंच अडीच हजारांचा. ट्रेनिंग नाही, सर्टिफिकेट नाही, फक्त कंपनीनेच छापलेला आकडा वाचला आणि पाळला. शोरूममधल्या मुलाला तो आकडा माहीत नसेल असं मी म्हणत नाही. त्याला वेळ नसतो. शनिवारी त्याच्यापुढे गाड्यांची रांग असते, सुपरवायझर डोक्यावर असतो आणि वर पॉलिश किती विकलं, फ्यूल ॲडिटिव्ह किती खपवलं, याचं टार्गेट असतं. टार्गेटखाली कोडची क्वालिटी काय होते हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? त्या मुलावर माझा राग नाहीये.

राग पुढच्या वेळचा आहे. तिसऱ्या सर्व्हिसिंगला सुपरवायझर खाली वाकला, नटावरची मी मार्करने मारलेली रेघ त्याला दिसली.

"सर, गाडी बाहेर खोललीत का?"

"बाहेर नाही, घरी. तुमच्याकडून आली तेव्हा चेन टाइट होती आणि चाक तिरकं होतं. फोटो आहेत."

"नाही सर, असं करू नका. वॉरंटी जाईल."

"चेन वॉरंटीत येते का?"

"चेन नाही येत सर, पण हात लावला ना."

"मग हेच जॉब कार्डवर लिहून द्या. चेनचा ताण जुळवला म्हणून गाडीची वॉरंटी रद्द. खाली सही आणि शिक्का."

यावर जे मौन पसरलं ते मी अजून विसरलेलो नाही. :-) अर्थातच त्याने काही लिहून दिलं नाही, देणारही नव्हता. तोंडी बोललेल्या वाक्याची जबाबदारी कुणावर नसते आणि या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या तोंडी असण्यातच आहे.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या सल्लागाराचाही समाचार घेतो, नाहीतर टपरीवर तो मला चहा पाजून मिरवेल. "पहिल्या दिवसापासून गॅरेज" हे आजच्या गाडीला चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर जवळपास संपला. आता फ्यूल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर, इसीयू. प्लग सँडपेपरने घासून आणि स्कूटर तिरकी करून बाबांच्या पिढीने जी गाडी चालू केली, ती ही नव्हे. इसीयूचं सॉफ्टवेअर, रिकॉल, एबीएसमधला बिघाड, इंजिनच्या आतलं काम, हे शोरूमचंच आहे. फॉग लॅम्पसाठी कुणी वायरिंग हार्नेस कापून, चिकटपट्टी गुंडाळून देणार असेल आणि मग इसीयू उडाला, तर कंपनीने हात वर केले याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. ऑइलही वाट्टेल ते चालत नाही. मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठी बनवलेलं, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं ऑइल टाकलंत तर क्लच घसरायला लागतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ पाहावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या दिवसांत अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करा ही अट पुस्तिकेत छापलेली असते. ती मला आवडत नाही, पण आहे. म्हणून माझी प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर शोरूममध्ये होते आणि शिक्का बसतो. मधल्या काळात गाडी माझी.

हे माझ्यासारख्याला जमतं. शनिवार मोकळा असतो, एक दिवस गाडी नसली तर मेट्रो आहे, रिक्षा आहे, फारच झालं तर वर्क फ्रॉम होम. ज्याला जमत नाही त्याचं काय, हा प्रश्न मला एका मुलामुळे पडला.

आमच्या सोसायटीत जेवणाची पार्सलं घेऊन येणारा एक मुलगा आहे. मी पार्किंगमध्ये चेनला ब्रश मारत बसलेला असतो तेव्हा दोन मिनिटं थांबतो, "दादा, माझी पण बघा ना," म्हणतो. त्याची गाडी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पळते. मला तीन हजार किलोमीटरला पाच महिने लागतात, त्याला एक महिनासुद्धा पुरतो. म्हणजे त्याचं सर्व्हिसिंग जवळजवळ दरमहा येतं आणि दर वेळी एक पूर्ण दिवस बुडतो. बुडालेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई, वर ऑइलचे आणि फिल्टरचे पैसे. (ते 'फ्री' सर्व्हिसिंग फक्त मजुरीपुरतं फ्री असतं हे ज्यांनी बिल वाचलं आहे त्यांना माहीत आहे.) एकदा महिनाअखेर होती म्हणून त्याने सर्व्हिसिंग पुढे ढकललं. ठरलेल्या आकड्यापेक्षा सहाशे किलोमीटर उशीर झाला. त्यानंतर काही आठवड्यांनी सेल्फ मारायचं बंद झालं. स्टार्टर मोटरच गेली. गाडी सहा महिन्यांचीसुद्धा नाही.

शोरूमचं उत्तर: एक सर्व्हिसिंग लेट आहे, वॉरंटी गेली, नवीन मोटरचे पैसे भरा.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात व्हायव्हाला बसलेला पोरगासुद्धा सांगेल की इंजिन ऑइल सहाशे किलोमीटर उशिरा बदललं म्हणून विजेवर चालणारी स्टार्टर मोटर जळत नाही. ऑइलमुळे पिस्टन घासला असता, बेअरिंग गेलं असतं, तर निदान बोलायला जागा होती. इथे ती नाही. पण त्याच्याकडे भांडायला वेळ नव्हता. अकरा दिवस तो रोज सकाळी गाडी धक्का मारून चालू करत होता, आणि प्रत्येक पार्सलला इंजिन चालू ठेवून जिने चढत होता.

मी त्याच्या वतीने कंपनीच्या कस्टमर केअरला मेल लिहिला. शिव्या नाहीत, कायद्याची धमकी नाही. एकच प्रश्न होता: सर्व्हिसिंगला झालेल्या उशिरामुळे स्टार्टर मोटरचं नेमकं काय आणि कसं नुकसान झालं हे तांत्रिकदृष्ट्या लिहून कळवावं. दोन वेळा आठवण केली. अकराव्या दिवशी शोरूममधून त्याला फोन आला की मोटर बदलून मिळेल, 'गुडविल' म्हणून!

गुडविल. म्हणजे मेहरबानी. जे देणं होतं ते भीक घातल्यासारखं दिलं, आणि लेखी उत्तर शेवटपर्यंत दिलं नाही, कारण ते दिलं असतं तर पुढच्या माणसाला दाखवता आलं असतं.

हा प्रश्न विचारणारा मी पहिला नाही. आपल्याकडे कारच्या बाबतीत तो सरकारी पातळीवर विचारून झालेला आहे. २०११ मध्ये झालेल्या एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा मुख्य मुद्दा होता. पण त्या आदेशात वॉरंटीबद्दलही स्पष्ट लिहिलं आहे. ग्राहक बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरती नाकारा. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं, आणि निकाल चारचाकींचा होता, दुचाकींचा नाही, हे दोन्ही मला ठाऊक आहे. पण तर्क चाकं मोजून बदलतो का?

अमेरिकेत तर १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे. आमचेच पार्ट वापरा, आमच्याकडेच काम करा, अशी अट वॉरंटीला घालायची तर ते पार्ट आणि ते काम फुकट द्या, नाहीतर अट घालू नका, असा त्याचा रोख. जून २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणावरून हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, आणि बाहेर दुरुस्ती केल्याने किंवा बाहेरचे पार्ट वापरल्याने वॉरंटी रद्द होत नाही हे ग्राहकांना स्पष्ट सांगायला लावलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं, वाहनं त्या यादीत आहेत. पोर्टलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर मिळतो. नंबर माझ्याकडे आधीपासून होता. असो.

मला हवं आहे ते फार नाही. ठरलेल्या वेळी, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि योग्य फिल्टर घालून काम झालं असेल, पार्टचं बिल असेल आणि त्या दिवशीच्या ओडोमीटरचा फोटो असेल, तर काम शोरूमने केलं, नाना पेठेतून पार्ट आणून गॅरेजवाल्याने केलं की मी केलं, याने वॉरंटीला फरक पडता कामा नये. वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या कामामुळे कोणता भाग बिघडला हे कंपनीने लेखी सांगावं. सिद्ध करायची जबाबदारी तिची, कारण गाडी खोलून बघायची हत्यारं आणि इसीयूमधले लॉग तिच्याकडेच आहेत. काही कंपन्यांची एक्स्टेंडेड वॉरंटी आता दहा वर्षांपर्यंत जाते. जाहिरातीत छान दिसतं, पण त्याच अटींवर दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं बांधलेलं गिऱ्हाईक.

अट बदलेपर्यंत माझं काय चालतं ते सांगतो. शोरूममध्ये गाडी देताना जॉब कार्डवर कामं मी लिहायला लावतो. 'जनरल चेकअप' हे काम नव्हे. ऑइल, फिल्टर, चेनची ढील किती मिलिमीटर, असं नेमकं. जमलं तर समोर उभा राहतो. नाही राहू दिलं तर घेताना तिथेच पट्टी लावून मोजतो (लोक बघतात, बघू देत). "वॉरंटी जाईल" हे वाक्य आलं की एकच उत्तर: लिहून द्या. एवढं करूनही अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, बहुतेक मोटारसायकली त्यात बसतात. त्या मुलासारख्यांना "तुमचा व्यावसायिक वापर आहे" म्हणून घाबरवलं जातं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू' मध्ये धरलेली नाही, हेही त्याला मी मराठीत लिहून दिलं आहे. तो कागद त्याने मोबाईलच्या कव्हरमागे घडी करून ठेवलाय.

आणि घरी ऑइल बदलणाऱ्यांनी एक करा. ड्रेन बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा घाला, बोल्ट जोर लावून नाही तर आकडा बघून आवळा, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की शोरूमवाला जे काही म्हणेल ते त्या वेळी खरं असेल. काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका, तो घातक कचरा आहे. जुन्या डब्यात भरून गॅरेजमध्ये नेऊन द्या, त्यांच्याकडून ते जमा करणारे लोक येतात. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला माझ्या मित्रांचे डबे ठेवून घेतो, कुठून आणलंत विचारत नाही.